पाणी चुकविणारी वाट

युरोप खंडाच्या उत्तर भागात डेन्मार्क नावाचा एक लहानसा देश आहे. या देशाचे दोन ठळक भाग पडतात. पूर्वेकडे लहानमोठी शेकडो बेटे आहेत आणि पश्चिमेकडे जटलंड नावाचे लांबट द्वीपकल्प आहे. जटलंडची दक्षिण बाजू तेवढी जर्मनीच्या भूमीला जोडलेली आहे; बाकीच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे. डेन्मार्कमध्ये पर्वत नाहीत. देशातील सर्वांत उंच नैसर्गिक टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे १७१ मीटर उंच आहे. कोणत्याही गावाहून समुद्र ५२ किलोमीटरांपेक्षा फारसा दूर नाही.

अशा सखल देशात वाट पाडणे हे फार सोपे काम असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु पूर्वीच्या वाटसरूंचा अनुभव तसा नव्हता. त्यांना अडविणारे डोंगर येथे नव्हते, हे खरे. पण त्यांना अडविणारे पाणी मात्र जागोजागी होते. पूर्व किनाऱ्यावर समुद्राच्या लांब खाड्या जमिनीत आतपर्यंत शिरलेल्या आहेत. पश्चिमेकडे नद्या संथपणे वाहतात आणि त्यांच्या काठांवर ओलसर कुरणे व दलदल असते. पूल नव्हते त्या काळी मालाने लादलेली गाडी अशा दलदलीत रुतली, म्हणजे ती बाहेर काढता काढता दिवस मावळे. मग उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचे कसे?

या प्रश्नाचे जे उत्तर जटलंडच्या लोकांनी शोधून काढले, ते आजही जमिनीवर पाहावयास मिळते. त्याचे नाव 'हेरवायन'. हा डॅनिश भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ 'सैन्याची वाट' असा होतो. हिलाच 'बैलांची वाट' असेही म्हणत. व्हिबोर्ग या प्राचीन नगरापासून ही वाट निघते आणि जटलंडच्या मध्यातून सुमारे २५० किलोमीटर दक्षिणेस जाऊन जर्मनीच्या सीमेला भिडते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय सायकलमार्गांपैकी एक मार्ग आज याच वाटेच्या सोबतीने जातो. दर उन्हाळ्यात कितीतरी सायकलस्वार आणि पदयात्री या वाटेने प्रवास करतात.

या वाटेची युक्ती समजण्यासाठी घराच्या उतरत्या छपराकडे पाहावे. छपराच्या मधोमध आढे असते. आढ्यावर पडलेले पावसाचे पाणी दोन्ही पाखांवरून खाली वाहून जाते. एखादी मुंगी आढ्यावरून चालत घराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली, तर तिला पाण्याची एकही धार ओलांडावी लागत नाही. जमिनीलाही असेच आढे असते. जो उंचवटा पावसाच्या पाण्याची दोन दिशांना वाटणी करतो, त्याला जलविभाजक म्हणतात. जटलंडचा जलविभाजक उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्याच्या पूर्वेचे पाणी पूर्व समुद्राला जाते आणि पश्चिमेचे पाणी पश्चिम समुद्राला मिळते. हेरवायन शक्य तेथवर या आढ्यावरूनच जाते. म्हणूनच तिला मोठ्या नद्या क्वचितच आडव्या येतात.

कोणा एका राजाने किंवा एखाद्या अभियंत्याने नकाशा समोर ठेवून ही वाट आखली नाही. कोरडी जमीन शोधीत माणसे आणि जनावरे चालत राहिली, आणि त्यांच्या पावलांनीच वाट पडत गेली. एक वाट चिखलाने खराब झाली, की लोक शेजारून दुसरी पाडीत. त्यामुळे हेरवायन म्हणजे एकच रेघ नव्हे. कधी जवळ येणाऱ्या, कधी फाकणाऱ्या अनेक वाटांचा तो एक पट्टा होता. या पट्ट्याच्या कडेने ब्राँझ युगातील दफनांवर रचलेले मातीचे गोल उंचवटे अनेक ठिकाणी दिसतात. त्यावरून येथील वर्दळ हजारो वर्षांची असावी, असा तर्क करता येतो.

या वाटेवर खडी आणि वाळू विपुल आढळते. ती तेथे आली कशी, हेही जाणून घेण्यासारखे आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, उत्तर युरोपावर बर्फाचा प्रचंड थर पसरलेला होता. हा थर जटलंडच्या पूर्व व उत्तर भागावर येऊन थांबला. पश्चिम भाग मात्र बर्फावाचून राहिला. बर्फाच्या कडेतून वितळलेल्या पाण्याचे लोंढे पश्चिमेकडे धावत, आणि त्यांच्याबरोबर वाळू व गोटे वाहून येत. पाण्याचा वेग मंदावला, की हा भार खाली बसे. अशा रीतीने पश्चिमेकडे वाळूची सपाट मैदाने तयार झाली, आणि पूर्वेकडे चिकणमातीच्या टेकड्या व दऱ्या राहिल्या. हेरवायन पुष्कळ ठिकाणी या दोन मुलखांच्या सीमेजवळून जाते. वाळू आणि खडी पाणी धरून ठेवीत नाही. पाऊस पडून गेला, की अशी जमीन लवकर कोरडी होते. जुन्या वाटसरूंना हिमयुगाची माहिती नव्हती. पण पाय कोठे कोरडे राहतात, हे त्यांना ठाऊक होते.

खडीच्या वाटेवर साधी शर्यतीची सायकल फारशी उपयोगी पडत नाही. तिचे टायर अरुंद असतात, त्यांत हवा ठासून भरलेली असते, आणि स्वाराचा सगळा भार जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर पडतो. त्यामुळे सैल वाळूत चाक रुतते किंवा गोट्यांवरून घसरते. यासाठी अलीकडे 'ग्रॅव्हल सायकल' म्हणून ओळखली जाणारी निराळी सायकल वापरतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. या सायकलीचे टायर साधारणपणे ४० मिलिमीटर किंवा त्याहून थोडे रुंद असतात आणि त्यांत हवा बेताची भरतात. टायर जमिनीवर किंचित पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो, आणि लहान खडे टायरच्या लवचीकपणात सामावून जातात. चढावर पाय थकू नयेत म्हणून तिला हलके गिअर असतात. स्वारालाही काही पथ्ये पाळावी लागतात. वळणावर एकदम ब्रेक दाबून चालत नाही. नजर चाकाखाली न ठेवता थोडी पुढे ठेवावी लागते. शिवाय डेन्मार्कमध्ये बहुधा पश्चिमेकडून वारा वाहत असल्याने, उघड्या माळावर हा वारा चढापेक्षाही अधिक दमवितो.

या प्रवासाचा आरंभ व्हिबोर्ग येथे होतो. या नगराच्या नावात 'पवित्र स्थान' या अर्थाचा एक जुना शब्द दडलेला आहे. मध्ययुगात डेन्मार्कच्या नव्या राजाला येथील सभेत लोकमान्यता मिळत असे, आणि ही प्रथा १६५५ पर्यंत चालू होती. येथील मोठ्या चर्चचे बांधकाम बाराव्या शतकात सुरू झाले. आज दिसणारी इमारत मात्र १८६४ ते १८७६ या काळात नव्याने उभारलेली आहे. जुन्या वास्तूचे तळघर तेवढे मूळचे उरले आहे. दक्षिणेकडून येणारे व्यापारी, सैनिक आणि यात्रेकरू याच नगरात आपला प्रवास संपवीत.

व्हिबोर्गहून निघाल्यावर वाट सरोवरांच्या काठाने आणि वनांतून जाते. पुढे सिल्केबोर्ग नगराच्या पश्चिमेस दलदलीचा प्रदेश लागतो. १९५० च्या मे महिन्यात येथे काही माणसे जळणासाठी पीट खणीत होती. पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. खणता खणता त्यांना एका माणसाचे प्रेत दिसले. त्याचा चेहरा इतका ताजा होता, की अलीकडेच कोणाचा तरी खून झाला असावा, असे समजून त्यांनी पोलिसांना कळविले. तपासाअंती तो माणूस सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा ठरला! दलदलीच्या आम्ल पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो; त्यामुळे तेथे शरीर सहसा कुजत नाही. त्याच्या डोक्यावर कातड्याची टोपी होती आणि गळ्यात चामड्याचा दोर होता. त्याला देवाला बळी दिले असावे, असे बहुतेक संशोधकांचे मत आहे. 'टोलुंडचा माणूस' या नावाने तो प्रसिद्ध असून सिल्केबोर्गच्या संग्रहालयात त्याला पाहता येते. वाटसरू दलदलीला का भीत, आणि तिच्यात कोणत्या गूढ शक्ती वसतात असे त्यांना का वाटे, हे त्याच्याकडे पाहिल्यावर थोडेफार उमगते.

यानंतर तिनेत नावाच्या ठिकाणी जलविभाजक प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येतो. येथील झाडीत दोन नद्यांचे झरे एकमेकांपासून काहीशे मीटर अंतरावर आहेत. एक झरा गुदेनो नदीचा, दुसरा स्केर्न नदीचा. गुदेनो ही डेन्मार्कमधील सर्वांत लांब नदी. ती उत्तरेकडे व मग पूर्वेकडे वाहत जाऊन पूर्व किनाऱ्यावरील खाडीला मिळते. स्केर्न नदी पश्चिमेकडे वळते आणि पश्चिम किनाऱ्याला जाते. दोघींच्या मधून जाणाऱ्या सायकलस्वाराला दोन्हींपैकी एकही ओलांडावी लागत नाही. आढ्यावरच्या मुंगीचे उदाहरण येथे खरे झालेले दिसते.

आणखी दक्षिणेस येलिंग हे लहान गाव आहे. गाव लहान असले, तरी डेन्मार्कच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे. येथे चर्चच्या दोन्ही अंगांना मातीचे दोन भव्य उंचवटे असून चर्चसमोर दोन कोरीव शिळा उभ्या आहेत. या शिळांवरील अक्षरे 'रून' नावाच्या प्राचीन लिपीतील आहेत. लहान शिळा गोर्म राजाने आपल्या राणीच्या स्मरणार्थ उभारली. मोठी शिळा त्याचा मुलगा हॅराल्ड याने इ. स. ९६५ च्या सुमारास आपल्या आईवडिलांच्या स्मरणार्थ उभारली. आपण सर्व डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला व डेन लोकांना ख्रिस्ती केले, असे त्याने तीवर कोरविले आहे. या राजाचे टोपणनाव 'निळ्या दाताचा' असे होते. इंग्रजीत त्याला 'ब्लूटूथ' म्हणतात. तारेवाचून यंत्रे जोडणाऱ्या आधुनिक तंत्राला हेच नाव मिळाले आहे, आणि त्याची खूण या राजाच्या नावाच्या दोन रून अक्षरांपासून तयार केलेली आहे. १९९४ मध्ये येलिंगचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. ऊनपावसाने अक्षरे झिजू नयेत म्हणून आता या शिळा काचेच्या आवरणात ठेवल्या आहेत.

येलिंगच्या दक्षिणेस वायले नदीचे रुंद खोरे आहे. पाणी चुकविण्याची जुनी युक्ती या खोऱ्यापुरती बाजूला ठेवून माणसांनी पाण्यावरच मात करण्याचे ठरविले. सुमारे ९८० साली रावनिंग या ठिकाणी दलदलीवरून ओक लाकडाचा पूल बांधण्यात आला. त्याची लांबी सुमारे ७६० मीटर आणि रुंदी सुमारे ५ मीटर होती. त्याला हजाराहून अधिक खांबांचा आधार होता. झाडाच्या खोडातील वर्तुळे मोजून लाकडाचे वय ठरवितात. त्यावरून हा पूल हॅराल्ड राजाच्या काळचा असल्याचे सिद्ध झाले. एवढी झाडे तोडून, तासून, चिखलात ठोकण्यासाठी किती हात राबले असतील! पण पुलाच्या दुरुस्तीच्या खुणा सापडत नाहीत. तो थोडीच वर्षे वापरात राहिला असावा. राजाची सत्ता गेली, पूल कुजला. आणि आढ्यावरची साधी वाट मात्र पुढे हजार वर्षे चालत राहिली.

याच परिसरात एग्टवेड गाव आहे. तेथील एका दफनाच्या उंचवट्यात १९२१ मध्ये ओकच्या खोडाची शवपेटी सापडली. तीत सोळा ते अठरा वर्षांच्या एका मुलीला पुरलेले होते. तिची लोकरीची चोळी, दोऱ्यांचा आखूड घागरा आणि पोटावरची ब्राँझची चकती टिकून राहिली होती. शवपेटीसाठी तोडलेले झाड इ. स. पूर्व १३७० मधील होते. पेटीत एक रानफूलही सापडले; त्यावरून तिला उन्हाळ्यात पुरले असावे, हे कळले. राजाच्या शिळेवर विजयाची नोंद आहे; या मुलीचे नावही कोणास ठाऊक नाही. तरी तिच्या आप्तांची माया त्या एका फुलाने साडेतीन हजार वर्षे जपून ठेवली आहे.

पुढे कोंगेओ नावाची नदी लागते. 'राजाची नदी' असा या नावाचा अर्थ आहे. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कचा पराभव झाला आणि ही नदी बऱ्याच अंतरापर्यंत देशाची सीमा बनली. नदीपलीकडील डॅनिश भाषा बोलणारे हजारो लोक परक्या राज्यात गेले. १९२० मध्ये तेथे लोकमत घेण्यात आले, आणि त्यानुसार उत्तरेकडचा भाग डेन्मार्कला परत मिळाला. दरम्यान, गमावलेल्या भूमीची भरपाई उरलेल्या देशातच करावी, या विचाराने १८६६ मध्ये एन्रिको डाल्गास व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संस्था स्थापन केली. जटलंडचे झुडपी, वालुकामय माळ लागवडीखाली आणणे हे तिचे कार्य होते. वारा अडविण्यासाठी शेतांच्या बांधांवर झाडांच्या रांगा लावण्यात आल्या. आज सायकलस्वाराला ज्या झाडांचा आडोसा मिळतो, त्यांतील पुष्कळ रांगा त्या प्रयत्नांचे फळ आहे. या कार्यामुळे मूळचा माळ मात्र फार थोडा उरला. रानबोलसारख्या काही ठिकाणी तो मुद्दाम राखून ठेवला आहे.

कोंगेओच्या दक्षिणेस जुने दगडी पूल दृष्टीस पडतात. इमरवाड आणि गायलो ही त्यांतील दोन नावे. गायलोचा पूल १८१८ मध्ये बांधलेला आहे. 'वाड' म्हणजे नदीतील उतार, पायी ओलांडण्याजोगी जागा. पूल झाला, तरी गावाच्या नावात तो जुना उतार राहून गेला. या पुलांवरून जाताना बैलांच्या वाटेची आठवण होते. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत जटलंडचे बैल जर्मनीतील बाजारांत विकावयास नेत, आणि भरभराटीच्या काळात त्यांची संख्या वर्षाला पन्नास हजारांपर्यंत जाई. बैलांना वाटेत चारा आणि पाणी लागे, हाकणाऱ्यांना रात्रीचा निवारा लागे, आणि राजाला जकात हवी असे. त्यामुळे वाटेवर धर्मशाळांसारखी उतरण्याची ठिकाणे उभी राहिली. पुढे १८६० नंतर जटलंडात रेल्वेचे जाळे पसरू लागले. पायी हाकीत नेलेला बैल वाटेत रोडावतो. गाडीतून नेलेला तसा रोडावत नाही. व्यापाऱ्यांनी हिशेब केला, आणि बैलांची वाट ओस पडली.

सीमेजवळ फ्रोस्लेव्ह येथे लाकडी इमारतींची एक छावणी आहे. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता. पकडलेल्या डॅनिश देशभक्तांना जर्मनीत नेऊ नये, त्यांना आपल्याच भूमीवर ठेवावे, या हेतूने डॅनिश अधिकाऱ्यांनी ही छावणी १९४४ मध्ये बांधविली. परंतु दिलेले वचन पाळले गेले नाही. येथूनही अनेक कैद्यांना जर्मनीतील भयंकर छावण्यांत पाठविण्यात आले. आज तेथे संग्रहालय आहे. येथून थोड्याच अंतरावर पाडबोर्ग गावाशी डेन्मार्कची हद्द संपते. वाट मात्र हद्दीपाशी थांबत नाही. ती पुढे जर्मनीत जाऊन 'दानेव्हिर्के' या प्राचीन डॅनिश तटबंदीला छेदते. एके काळी डेन्मार्कच्या रक्षणासाठी उभारलेला हा तट आज जर्मनीच्या भूमीत आहे. सीमा सरकत राहिल्या. जलविभाजक होता तेथेच आहे.

रेल्वे आल्यावर हेरवायनचे अनेक तुकडे नांगराखाली गेले, काहींवर डांबर पडले, आणि काही गवताने झाकून टाकले. चाके आणि पावले थांबली, की वाट बुजावयास फार वर्षे लागत नाहीत. जे तुकडे उरले, त्यांना पुढे लोकांनी खुणांचे खांब लावून एकत्र जोडले. रात्रीच्या मुक्कामासाठी तीन बाजूंनी बंद असे लाकडी निवारे बांधले. खासगी वनांतून जाण्याची मुभा दिवसाउजेडी, ठरलेल्या वाटांवरूनच असते, आणि दफनांच्या उंचवट्यांना कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाशांनी हे नियम पाळले, तरच पुढच्यांना या खुणा पाहावयास मिळतील.

मोटारीने हे अंतर काही तासांत तोडता येते. परंतु वेगात जाणाऱ्याला जमिनीचे आढे जाणवत नाही, आणि दोन झरे एकमेकांच्या इतके जवळ असल्याचेही त्याच्या ध्यानात येत नाही. सायकलस्वाराचा चढ-उतार त्याच्या पायांना कळतो, वाळू आणि चिकणमाती यांतला फरक त्याच्या चाकांना कळतो. मग त्याच्या लक्षात येते, की वाटेची ही वळणे उगाच पडलेली नाहीत. प्रत्येक वळणावर कोणीतरी थांबून पाऊल कोठे टाकावे याचा विचार केला होता, आणि पुढे आलेल्या असंख्य लोकांनी तो विचार योग्य ठरविला. व्हिबोर्गहून आजही जो प्रवासी दक्षिणेकडे निघतो, तो त्या सर्वांच्या मागोमाग जातो आणि आपल्या चाकांनी ती वाट आणखी काही काळ मोकळी ठेवतो.